शाल, श्रीफळ आणि गोदामाची घरपट्टी

आमच्या घरी वरच्या खोलीत शालींचं एक वेगळं कपाट आहे. त्यातली एकही शाल घरातलं कोणी पांघरत नाही, कारण त्या सगळ्या सत्कारांतल्या आहेत. माझे सासरे इथल्या महाराष्ट्र मंडळाचे कधी अध्यक्ष, कधी चिटणीस, आणि दोन्ही नसतील तेव्हा सल्लागार. कोणाचा ना कोणाचा सत्कार केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कोणाच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, कर सत्कार. कोणी नागपूरहून भाषण द्यायला आलं, कर सत्कार. या शाली फिरत्या असतात. मंडळानं सासऱ्यांना दिलेली शाल सासरे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला देतात आणि ती तिसऱ्याच कार्यक्रमातून परत आमच्याकडे येते. एका तपकिरी शालीला तर मी माहेरवाशीण म्हणते. "बाबांना ना, बॉयलर रिपेअर करणारा आला तरी त्याला शाल द्यायचा असतो," असं माझा नवरा म्हणतो. तो इथेच जन्मलेला, त्याच्या मराठीत शाल पुल्लिंगी आहे.

मी मात्र पुण्याची. नोकरीच्या व्हिसावर आले, लग्न करून राहिले आणि आता लंडनच्या पश्चिमेला आमच्या गावच्या कौन्सिलमध्ये बिझनेस रेट्स विभागात काम करते. बिझनेस रेट्स म्हणजे दुकानं, ऑफिसं, कारखाने, गोदामं यांची घरपट्टी. तिचा काही वाटा गावातच राहतो आणि त्यातून लायब्ररी, रस्ते, म्हाताऱ्या माणसांची देखभाल असली कामं चालतात. हे मी पुण्याला आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे कॉर्पोरेशनात क्लार्क." तसंच म्हणायला हवं. कर ठरवणारे तिकडे पार्लमेंटात बसतात, आम्ही इकडे हिशेब करून बिलं धाडतो.

सासरे सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून इथे आले. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी कोपऱ्यावर वर्तमानपत्रं, दूध, पाव, बिस्किटं असं एक दुकान घेतलं, आणि ते खरं चालवलं सासूबाईंनी. सासूबाई बोलघेवड्या. काउंटरवर उभ्या राहून त्या गिऱ्हाइकांना औषधं सुचवत, स्थळं सुचवत, पोरांना दटावत. दूध आणायला गेलेला नवरा अर्धा तास परत येत नाही म्हणून गल्लीतल्या गोऱ्या बायका तक्रार करायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकान विकून झालं होतं, पण बोलणं शाबूत होतं. पहिल्या वर्षात तर मला वाटायचं, या बाईला जरा कोणी गप्प करेल का.

मग त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू लुळी पडली, ती थोडीफार सुधारली, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं. शब्द मात्र सापडायचा नाही. पाणी हवं असलं की ग्लासाकडे बघायच्या, ओठ हलवायच्या, आणि चिडून रडायच्या. गंमत म्हणजे संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक म्हणायच्या. आरती संपली की पुन्हा मुक्या. ते बघून पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला होता.

या गोष्टीचा उपयोग करता येतो हे कळलं ते कौन्सिलच्या डे सेंटरमध्ये. डे सेंटर म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सकाळी मिनीबसनं नेऊन संध्याकाळी परत आणून सोडायची जागा. तिथे एक आयरिश बाई कामाला होत्या. सासूबाईंची आरती त्यांनी ऐकली, आरतीच्या एका अक्षराचाही अर्थ कळत नसताना चाल तेवढी पाठ केली, आणि त्या चालीत एकेक शब्द बांधायला सुरुवात केली. सासूबाईंचा डावा हात धरून गुडघ्यावर ठेका धरायच्या आणि शब्द गाऊन घ्यायच्या. आधी "चहा" आला. मग "नको" आला, आणि तो आल्यापासून माझ्या स्वयंपाकाचं काही खरं राहिलं नाही. पुष्कळ महिन्यांनी "थँक यू" आलं. काउंटरवर आयुष्यभर म्हटलेला शब्द, तो सगळ्यात उशिरा सापडला. गुडघ्यावर हात आपटत, थोडं गाऊन, "थँऽक यू" असं त्या म्हणायच्या. ज्या दिवशी त्यांनी ते घरी पहिल्यांदा म्हटलं त्या दिवशी सासरे बाथरूममध्ये जाऊन रडले आणि आम्ही कोणी काही पाहिलंच नाही असं दाखवलं. त्या आयरिश बाई म्हणायच्या, सराव सुटला की हे शब्द परत जातात, म्हणून येत राहिलं पाहिजे. आमच्या घरात तेव्हा एकच काळजी होती, सासूबाईंचं सेंटर चुकता कामा नये.

त्याच सुमारास छोट्या दुकानांना रेट्समध्ये सवलत द्यायचा सरकारचा विचार चालला होता. बाजारपेठा ओस पडताहेत, दुकानदार टेकीला आलेत, म्हणून ही सवलत. चांगली गोष्ट होती. एका शनिवारी सासऱ्यांच्या जुन्या दुकानाच्या आत्ताच्या मालकानं एका बाईंना आमच्याकडे पाठवलं. चाळिशीच्या असतील, हसतमुख, साध्या कपड्यातल्या. छोटी दुकानं वाचवा अशी मोहीम चालवतो म्हणाल्या. सासऱ्यांनी लगेच मला पोहे करायला सांगितले. बाईंनी पोहे मागून घेऊन खाल्ले, पाककृती विचारली, दुकानाच्या जुन्या गोष्टी तास दीड तास ऐकल्या. आणि मग सासूबाईंच्या खुर्चीपाशी खाली कार्पेटवर बसून त्यांचा लुळा हात हातात घेतला. सामान कोण आणून देतं, असं त्यांनी विचारलं. सासरे म्हणाले, "अहो, आपल्याच जुन्या दुकानातला पोऱ्या दारात आणून ठेवतो." बाईंना ते फार आवडलं.

मलाही बाई आवडल्या, हे सांगायला हवं. तरी घरपट्टीवाली म्हणून मी विचारलं, "तुमच्या मोहिमेला पैसे कोण देतं?"

"रिटेल बिझनेसेस," त्या हसून म्हणाल्या, "ऑफ ऑल साइझेस."

ऑल साइझेस म्हणजे छोटी दुकानं, मोठी दुकानं, असा मी अर्थ लावला आणि चहा ओतला.

सरकारनं सवलत जाहीर केली, पहिला मसुदाही काढला. कायदा व्हायचा अजून बाकी होता, पण सासऱ्यांच्या अंगात सत्कार संचारला. संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात बाईंचा सत्कार करायचं ठरलं. या वेळी कपाटातली फिरती शाल नको, असं त्यांनी बजावलं. नवरा आणि मी वेम्बलीला गेलो, ईलिंग रोडवरून नवी कोरी जरीकाठी शाल आणली, शेंडी असलेला नारळ आणला. सासऱ्यांनी मानपत्र लिहिलं. त्यात बाई दुर्बलांच्या कैवारी होत्या, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या तारणहार होत्या, आणखीही पुष्कळ काही होत्या. मी ते इंग्रजीत करून दिलं तेव्हा निम्मी विशेषणं गाळली, पण सासऱ्यांनी ती हॉलमध्ये तोंडी परत घातली.

कार्यक्रम झकास झाला. बाईंना नारळाचं काय करायचं कळेना, त्या तान्हं मूल धरावं तसा तो धरून उभ्या राहिल्या. सासूबाईंना व्हीलचेअरवरून पुढे आणलं. त्यांनी डाव्या हातानं शालीचं टोक बाईंच्या खांद्यावर ठेवलं, मग हात गुडघ्यावर आणला, ठेका धरला आणि गाऊन म्हटलं, "थँऽक यू." सबंध हॉलमध्ये टाळ्यांचा नुसता कडकडाट. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं असंच मला आजही वाटतं. त्यांच्याबरोबर आलेला एक जण व्हिडिओ काढत होता. हा आम्ही वापरला तर चालेल का, असं बाईंनी अदबीनं विचारलं. सासरे म्हणाले, "अवश्य वापरा, आमचं भाग्य!"

कायदा झाला. पुढच्या वसंतात नवी बिलं काढायची वेळ आली. छापायला देण्याआधी आम्ही ती कॉम्प्युटरवर तपासून बघतो. मी मुद्दाम आधी सासऱ्यांचं जुनं दुकान काढलं. बिल उतरलं होतं, पण जेमतेम, म्हणजे वाचलेल्या पैशात एका शनिवारची घरची खरेदी झाली असती. असो, नसल्यापेक्षा बरं, असं म्हणून मी पुढे गेले. पुढे मोटरवेलगतचं गोदाम आलं. आमच्या गावात ते सगळ्यात मोठं. ऑनलाइन मागवलेला माल तिथून घरोघरी जातो, लॉऱ्यांची रांग रस्त्यावर येते. त्याची घरपट्टी आमच्या विभागाचा कणा. त्या गोदामाचं बिल पडद्यावर एवढंसं दिसत होतं. मी पुन्हा चालवून बघितलं. तेवढंच. शेजारचं गोदाम काढलं, तेही तसंच.

मला वाटलं, सॉफ्टवेअरनं घोळ घातला. चूक पकडल्याचा मला आनंदच झाला. मी रीतसर तक्रार नोंदवली आणि ऐटीत साहेबांकडे गेले. आमचे साहेब लीड्सकडचे, रेट्समध्ये केस पिकवलेले, पुरुष असो की बाई, सगळ्यांना "लव्ह" म्हणणारे.

"सिस्टम गंडलीये," मी म्हटलं. "छोट्या दुकानांची सवलत गोदामांना लागलीये."

त्यांनी चष्मा वर केला. "बस, लव्ह," ते म्हणाले. मग कायद्याचं कलम उघडून माझ्यापुढे केलं.

मी वाचलं. सवलत दुकानांना होती, आणि शिवाय, लोकांच्या घरी माल पोचवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही जागेला. मी जागेच्या आकाराची मर्यादा शोधत राहिले. पहिल्या मसुद्यात ती होती, मला स्पष्ट आठवत होती. आता नव्हती.

"मर्यादा कुठे गेली?"

"कन्सल्टेशनमध्ये गेली."

कन्सल्टेशन म्हणजे कायदा करण्याआधी सरकार लोकांचं मत मागवतं ती पद्धत. कोणीही मत देऊ शकतं. साहेब म्हणाले, "कोणीही देऊ शकतं, पण देतं कोण? तू दिलंस? मी दिलं? ज्यांना त्याचा पगार मिळतो ते देतात. बाकीच्यांना असं काही चाललंय हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते."

"पण हे छोट्या दुकानांसाठी होतं ना?"

"आहेच की. त्यांनाही मिळालंय ना थोडंसं? त्यांचं नाव पुढे केल्याशिवाय कोणी ऐकलं असतं का?"

 लाच नाही, चोरी नाही, कोणी कागद पळवला नाही. सगळं उजेडात झालेलं, सगळं सरकारी वेबसाइटवर कोणालाही वाचता येईल असं. आणि माझं काम आता एवढंच होतं की ते एवढंसं बिल बरोबर आहे असा शेरा मारून पुढे पाठवायचं. मी तक्रार मागे घेतली. तिथे कारण लिहावं लागतं, मी लिहिलं, "चूक नाही." 

खरा धक्का पुढेच होता. नवं कलम नीट समजावं म्हणून विभागातल्या आम्हा सगळ्यांना एका ऑनलाइन व्याख्यानाला बसवलं. आम्ही मीटिंग रूममध्ये मोठ्या पडद्यापुढे बिस्किटं घेऊन बसलो. व्याख्याता एक कर सल्लागार, गोड बोलणारा. त्यानं सुरुवातीलाच सांगितलं की या कलमाच्या मसुद्याच्या वेळी त्याच्या कंपनीनं त्याला काही महिने सरकारी खात्याला मदतीसाठी उसना दिला होता. आता तो परत आपल्या कंपनीत आला होता आणि गोदामवाल्या गिऱ्हाइकांना या सवलतीचा फायदा कसा घ्यायचा ते सांगत होता. हे त्यानं लपवलं नाही, उलट स्वतःची योग्यता म्हणून सांगितलं. माझ्या हातातलं बिस्किट चहात गळून पडलं. पुण्यात असं काही घडलं असतं तर निदान कोणीतरी ते टेबलाखालून केलं असतं, असं माझ्या मनात आलं.

मग तो म्हणाला, "लोक विचारतात, घरपोच माल यात का आला? त्यामागे एक माणूस आहे. मंत्र्यांचं मन याच गोष्टीनं वळलं."

पडद्यावर पुढचं चित्र आलं. व्हीलचेअर, जांभळी साडी, डाव्या हातात जरीकाठी शालीचं टोक.

मला क्षणभर कळेचना मी काय बघतेय. तो बोलत होता. या बाईंनी आयुष्यभर छोटं दुकान चालवलं, आज त्यांना चालता येत नाही, बोलता येत नाही, दारात येणाऱ्या सामानावर त्या जगतात, दुकानाला सवलत देऊन त्यांच्या दारात माल आणणाऱ्याला ती नाकारणं हा अन्याय नाही का, आणि घरपोच माल मोठ्या जागेतून आला तर तो काय कमी मोलाचा? आमच्या जुन्या दुकानातला पोऱ्या सामानाची पिशवी पायरीवर ठेवतो, त्या पायरीवरून हे लोक थेट मोटरवेच्या गोदामापर्यंत पोचले होते. आणि त्यांना वाट दाखवायला सासूबाईंना पुढे बसवलं होतं.

"तुझ्या ओळखीच्या आहेत का?" शेजारी बसलेल्या साहेबांनी हळूच विचारलं. माझा चेहरा पाहून विचारलं असेल.

"माझ्या सासूबाई आहेत," मी म्हटलं.   साहेबांनी माझ्यापुढे स्वतःचा चहा सरकवला.

घरी आल्यावर मी हे सासऱ्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार? पण ते सांगण्याची गरज पुढे उरली नाही. गोदामांची घरपट्टी गेल्यानं कौन्सिलच्या जमेत भलंमोठं भोक पडलं. सरकार भरपाई देणार होतं, ती अर्धीमुर्धी आली. आणि कायद्यानं जे करायलाच हवं ते सोडून बाकी सगळ्याला कात्री लागली. डे सेंटर चालवलंच पाहिजे असं कोणत्याही कायद्यात नव्हतं. ते बंद करायचं की नाही हे ठरवणारी कौन्सिलची सभा मी प्रेक्षकांच्या बाकावर सासऱ्यांशेजारी बसून पाहिली. नगरसेवक एकामागून एक उठले, किती वाईट वाटतंय ते सांगितलं, एकीला तर हुंदका आवरेना, आणि मग सगळ्यांनी बंद करण्याच्या बाजूनं हात वर केले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ती बिलं मीच तपासली होती, तिजोरीत काय आहे ते मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं.

"पैसे गेले कुठे?" सासऱ्यांनी बसमध्ये विचारलं. आता गप्प राहणं मला जमेना. मी सगळं सांगितलं. गोदाम, कलम, व्याख्यान, चित्र. ते ऐकत राहिले. आमचा स्टॉप मागे गेला, तरी उठले नाहीत.

"छे," ते शेवटी म्हणाले, "त्या बाई तशा नव्हत्या. त्यांना हे माहीतच नसणार. मी बोलतो त्यांच्याशी."

त्यांनी खरोखर फोन केला. स्पीकरवर लावून, कोट घालून. बाईंनी ओळखलं. प्रेमानं चौकशी केली. पोह्यांची आठवण काढली. सेंटर बंद होतंय म्हटल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटलं, हा स्थानिक निर्णय आहे म्हणाल्या. सासऱ्यांनी अडखळत विचारलं, "तुम्ही त्या वेळी मंत्र्यांशी बोललात, तसं आमच्या सेंटरसाठी बोलाल का?"

बाई म्हणाल्या, नक्कीच, आमची कंपनी अशा मोहिमाही घेते, आमचे दर मी पाठवते, कम्युनिटी ग्रुप्सना आम्ही डिस्काउंट देतो.

सासऱ्यांनी "थँक यू" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.  मला त्या बाईचा इतका संताप आला की मी उठून अंगणात गेले आणि वाळत घातलेले कपडे उगाचच पुन्हा झटकत बसले. ती एकदाही खोटं बोलली नव्हती. पैसे कोण देतं हे तिनं माझ्याच घरात सांगितलं होतं.

सेंटरच्या शेवटच्या दिवशी सासऱ्यांनी त्या आयरिश बाईंना शाल दिली. कपाटातली, ती तपकिरी माहेरवाशीण. मानपत्र नव्हतं, भाषण नव्हतं. त्यांनी शाल बाईंच्या खांद्यावर ठेवली आणि नुसते हात जोडले. बाईंनी मला चाल शिकवली, ठेका कसा धरायचा ते दाखवलं, घरी रोज करा म्हणाल्या. आम्ही केलं. पण मी दिवसभर कामावर, नवऱ्याला चालच येत नाही, आणि सासऱ्यांचा हात थरथरतो, त्यांचा ठेका चुकतो. सासूबाई त्यांच्याकडे बघून हसायच्या आणि तोंड फिरवून घ्यायच्या. सेंटरमध्ये बाकीची माणसं होती, गोंगाट होता, कोणाला तरी काही सांगायची ओढ होती. घरात टीव्ही होता.

"थँक यू" आधी गेलं. नंतर "चहा" गेला. "नको" बरेच दिवस राहिला, मग तोही ऐकू येईनासा झाला. मी ताटात मुद्दाम त्यांची नावडती दोडक्याची भाजी वाढून बघितली. त्यांनी गुपचूप खाल्ली. मी सिंकपाशी उभी राहून ढसाढसा रडले. आता आरतीही मध्येच तुटते.

त्या मोहिमेच्या वेबसाइटवर तो व्हिडिओ अजून आहे. पान उघडलं की आपोआप सुरू होतो. हॉल, टाळ्या, गुडघ्यावर पडणारा हात, "थँऽक यू." खाली मोहिमेचं यश सांगणारा मजकूर, आणि ही सवलत कायमची करावी म्हणून नवं आवाहन. हे पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमच्या घरातून जो शब्द गेला तो वापरून हे लोक पुन्हा तेच मागत होते. मी त्यांना एक सणसणीत मेल लिहिला. व्हिडिओ ताबडतोब काढा, आमची परवानगी आम्ही मागे घेतोय, नाहीतर वकील, वर्तमानपत्र, सगळं सगळं. पाठवण्याआधी सासऱ्यांना वाचून दाखवावा म्हणून खाली गेले.

दुपारची वेळ होती. सासरे टॅबलेट मांडीवर घेऊन सासूबाईंशेजारी बसले होते. तेच पान उघडं होतं. व्हिडिओ संपला की ते बोटानं परत लावत होते. सासूबाईंचा डावा हात गुडघ्यावर हलत होता, बरोबर ठेक्यात. ओठ मिटलेले होते.

"बाबा, हे तुम्ही बघता?" मी विचारलं.

"रोज," ते म्हणाले. "तिचा आवाज दुसरा कुठे आहे आपल्याकडे? आपण लग्नाबिग्नात काढलेले फोटोच आहेत सगळे."

मी मेल वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकला. मग म्हणाले, "तुझं सगळं खरं आहे. पण हे पाठवू नकोस."

"बाबा, ते लोक आईंचा आवाज विकताहेत."

"विकू दे. काढून टाकला तर मी ऐकू कुठे?"

मी म्हटलं, आपण तो उतरवून घेऊ, तुमच्या टॅबलेटमध्ये ठेवू.  तो जपून राहील याची खात्री त्यांना स्वतःच्या टॅबलेटपेक्षा त्या कंपनीबद्दल जास्त वाटत होती. ते लोक मोठे आहेत, त्यांचं काही हरवत नाही, असं ते म्हणाले. आणि मग माझा हात धरून म्हणाले, "ते पान बंद तर करणार नाहीत ना गं? तेवढं विचारून बघ त्यांना. नीट शब्दांत विचार."

मी तिथेच बसून जुना मेल पुसला आणि नवा लिहिला. व्हिडिओ कृपया काढू नये, अशी विनंती केली. मी तो उतरवूनही घेतलाय, पण सासऱ्यांना तेवढं पुरेसं वाटत नाही. मी वाचून दाखवला तेव्हा सासरे म्हणाले, शेवटी आभार राहिले. मी लिहिलं, थँक यू.